दारावरच्या गार्डला परवाना कशासाठी लागतो?

दुकानातून बाहेर पडताना गार्ड म्हणतो, "पिशवी उघडून दाखवा." आपण उघडतो. पण समजा एखाद्याने शांतपणे सांगितलं, "नाही दाखवत." मग? गार्ड पिशवी हिसकावून घेऊ शकतो? दंडाला धरून आत नेऊ शकतो? मॅनेजर येईपर्यंत खोलीत बसवून ठेवू शकतो?

नुसत्या नकाराच्या जोरावर यातलं काहीही करता येत नाही. मालकाच्या वतीने तो फार तर म्हणेल, "मग पुन्हा आत येऊ नका." फ्रान्समध्ये तर हे कायद्यातच स्पष्ट लिहिलंय. गार्ड पिशवीत नुसतं डोकावून पाहू शकतो. आतल्या वस्तू चाचपायच्या असतील तर पिशवीच्या मालकाची संमती लागते. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटेल, कारण आपण त्या गणवेशाकडे पाहतो आणि समोर सत्ता उभी आहे असं धरून चालतो. खासगी सुरक्षारक्षकांच्या नियमनाचा सगळा विषय इथून सुरू होतो. गार्डचा दिसणारा अधिकार मोठा असतो, खरा अधिकार फार लहान असतो. या दोन्हींतलं अंतर वापरून कोणी कोणावर जबरदस्ती करू नये, यासाठी परवाना, प्रशिक्षण, ओळखपत्र ही व्यवस्था असते.

तो लहानसा खरा अधिकार दोन ठिकाणांहून येतो. पहिला मालकाकडून. जागा ज्याची, त्याला कोणाला आत घ्यायचं हे ठरवता येतं, आणि गार्ड त्याच्या वतीने दारात उभा असतो. दुसरा त्याला साधा नागरिक म्हणूनच मिळालेला असतो. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर गुन्हेगाराला धरून पोलिसांच्या हवाली करण्याची मुभा बहुतेक देशांत कोणालाही आहे. भारतात ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 40व्या कलमात आहे: दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आपल्यासमोर झाला असेल तर खासगी व्यक्ती अटक करू शकते, पण विनाकारण वेळ न घालवता, जास्तीत जास्त सहा तासांत, पकडलेल्याला पोलिसांकडे सोपवावंच लागतं. इंग्लंडमध्ये 1984च्या पोलीस कायद्यात अशीच तरतूद आहे, आणि तिथे आणखी एक अट आहे: पोलिसाने येऊन अटक करणं त्या क्षणी व्यवहार्य नसेल तरच.

ही मुभासुद्धा किती जपून ठेवावी लागते, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याने पाहिलं. तिथे 2020 मध्ये रस्त्यावरून धावत चाललेल्या एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा तिघा गोऱ्या माणसांनी गाड्यांतून पाठलाग केला आणि त्याला गोळ्या घालून मारलं. बचाव काय, तर आम्ही नागरिक म्हणून अटक करत होतो. पुढच्याच वर्षी राज्याने तो जुना कायदा रद्द केला. दुकानदार आणि सुरक्षारक्षकांसाठी मात्र थांबवून ठेवण्याची मर्यादित सोय शिल्लक ठेवली. म्हणजे सर्वसामान्य माणसाचा अधिकार आकसला आणि गार्डचा थोडा उरला. अशा वेळी त्या उरलेल्या अधिकारावर देखरेख कोणाची, हा प्रश्न जास्तच महत्त्वाचा होतो.

संविधान कोणाला बांधतं?

पोलिसाने बेकायदा झडती घेतली तर आपण न्यायालयात मूलभूत हक्कांकडे बोट दाखवू शकतो. गार्डच्या बाबतीत ते इतकं सोपं नाही, कारण मूलभूत हक्कांची बंधनं मुख्यतः सरकारवर असतात. 1921 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका माणसाच्या कार्यालयातल्या तिजोऱ्या आणि टेबलाची कुलपं फोडून खासगी लोकांनी त्याचे कागद नेले आणि पुढे ते सरकारच्या हाती पडले. न्यायालय म्हणालं, बेकायदा झडतीविरुद्धचं घटनात्मक संरक्षण सरकारी कृतीपुरतं आहे. सरकारने स्वतः कुलूप फोडलेलं नाही, त्यामुळे कागद वापरायला त्याला मोकळीक आहे. ज्याचे कागद गेले त्याने चोरांवर हवा तर दावा लावावा.

आता याला दुसरी गोष्ट जोडून पाहा. क्लिफर्ड शिअरिंग आणि फिलिप स्टेनिंग या कॅनडात काम करणाऱ्या दोन अभ्यासकांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की माणसांचं सार्वजनिक जगणं हळूहळू खासगी मालकीच्या जागांत सरकतंय. मॉल, कार्यालयांचे परिसर, मोठाल्या वसाहती, करमणुकीची केंद्रं. कागदावर या जागा खासगी असतात, पण वावर हजारो लोकांचा. पूर्वी बाजारपेठेत पोलीस फिरायचा, आता त्याच कामासाठी गार्ड फिरतो. नागरिक तोच, त्याची रोजची कामंही तीच. त्याच्यासमोर उभा असलेला माणूस मात्र बदलला, आणि त्या माणसाला संविधान थेट बांधत नाही.

न्यायालयांनी कधीकधी ही फट बुजवण्याचा प्रयत्न केलाय. अमेरिकेतलं चिकासॉ हे आख्खं गाव एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं होतं. रस्ते कंपनीचे, दुकानांच्या इमारती कंपनीच्या, आणि गावात बंदोबस्त ठेवणारा जो शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, हाताखालचा माणूस, त्याचा पगारही कंपनीच द्यायची. तिथल्या पदपथावर धार्मिक पत्रकं वाटणाऱ्या एका बाईंना अतिक्रमणाच्या आरोपाखाली पकडलं. 1946 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बाईंच्या बाजूने दिला: मालकाने स्वतःच्या फायद्यासाठी जागा लोकांना जितकी खुली केली, तितके लोकांचे हक्क त्या जागेत त्याच्या मालकीला मर्यादा घालतात. पण असे निकाल विरळा. म्हणून संविधान जिथे पोहोचत नाही तिथे विधिमंडळाने केलेला साधा कायदा पोहोचावा लागतो. परवान्याचा कायदा हे काम करतो. मला तो लोकशाहीतल्या महत्त्वाच्या कायद्यांपैकी एक वाटतो, आणि त्याकडे कोणी फारसं लक्ष देत नाही याचं वाईट वाटतं.

होमस्टेडची नदी

नियमन नसलं की काय होतं, ते समजून घ्यायला 1892च्या पेनसिल्व्हेनियात जायला हवं.

ॲलन पिंकर्टन हा मूळचा स्कॉटलंडचा. 1850च्या सुमारास त्याने शिकागोत खासगी गुप्तहेरांची एजन्सी काढली. पुढे तिचा मोठा धंदा बनला तो कारखानदारांना माणसं पुरवण्याचा: संपकऱ्यांवर पाळत ठेवायला, संघटनेत हेर घुसवायला, टाळेबंदीत कारखाना राखायला. होमस्टेड इथल्या कार्नेगी कंपनीच्या पोलाद कारखान्यात पगारावरून वाद पेटला, कंपनीने कामगारांना बाहेर काढून दारं बंद केली, आणि 6 जुलै 1892च्या पहाटे पिंकर्टनची सुमारे 300 माणसं रायफली घेऊन दोन पडावांमधून मोनोंगाहेला नदीने कारखान्याच्या काठाला लागली. काठावर कामगार आणि त्यांची कुटुंबं जमली होती. गोळीबार सुरू झाला आणि दिवसभर चालला. दोन्हीकडची माणसं मेली. शेवटी पिंकर्टनच्या माणसांना शरण यावं लागलं.

या माणसांपैकी अनेकांना कामाची गरज होती म्हणून ते भरती झाले होते. त्यांच्यावर कोणत्याही निवडून आलेल्या यंत्रणेचा ताबा नव्हता. त्यांना आदेश देणारा, पगार देणारा आणि वादातला एक पक्ष, हे तिन्ही एकच होते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी 1919च्या एका व्याख्यानात राज्याची व्याख्या करताना म्हटलं होतं की एखाद्या प्रदेशात वैध बळाचा वापर करण्याची मक्तेदारी जे यशस्वीपणे सांगू शकतं ते राज्य. होमस्टेडच्या काठावर त्या दिवशी ही मक्तेदारी एका कंपनीने भाड्याने घेतलेल्या माणसांच्या हातात होती. 1893 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला: पिंकर्टनच्या किंवा तशा एजन्सीच्या माणसांना केंद्र सरकारने नोकरीवर ठेवायचं नाही. तो कायदा आजही आहे. पण त्याने फक्त सरकारचे हात बांधले, कारखानदारांचे नाहीत.

फ्रान्सचा कायदा मला इथे जास्त नेमका वाटतो. तिथे खासगी सुरक्षा कंपनीने किंवा तिच्या गार्डने कामगार आणि मालकाच्या वादात कोणत्याही वेळी, कोणत्याही स्वरूपात ढवळाढवळ करायला मनाई आहे. लोकांची राजकीय, तात्त्विक, धार्मिक मतं किंवा संघटनेचं सदस्यत्व यांवर पाळत ठेवायलाही मनाई आहे. परवाना म्हटलं की आपल्या मनात उंची, छाती, चारित्र्य पडताळणी येते. लोकशाहीच्या दृष्टीने त्याहून मोलाची आहे ती ही मनाई. सुरक्षा विकायला परवानगी आहे, दहशत विकायला नाही, ही रेघ कायद्यात शब्दांनी ओढलेली असावी लागते.

परवाना नेमका कोणाला?

हा प्रश्न कारकुनी वाटतो, पण उत्तर बदललं की सगळी जबाबदारी बदलते.

भारतात 2005च्या खासगी सुरक्षा एजन्सी नियमन कायद्याने परवाना एजन्सीला मिळतो, तोही राज्याच्या नियंत्रक प्राधिकरणाकडून, पाच वर्षांसाठी. गार्डची चारित्र्य पडताळणी झाली का, त्याचं प्रशिक्षण पूर्ण झालं का, हे पाहण्याची जबाबदारी एजन्सीवर. ब्रिटनने उलट वाट धरली. 2001च्या कायद्याने सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटी ही नियामक संस्था उभी राहिली आणि तिचा परवाना व्यक्तीला मिळतो, तीन वर्षांसाठी, गुन्ह्यांची नोंद तपासून. कंपन्यांसाठी मात्र मान्यता घेणं ऐच्छिक राहिलं. शिवाय कंत्राटदाराकडून आलेल्या गार्डला परवाना लागतो, पण मालकाने थेट नोकरीवर ठेवलेल्या गार्डला बहुतेक कामांत लागत नाही. दक्षिण आफ्रिकेत, जिथे नोंदणीकृत गार्डची संख्या पोलिसांच्या दुपटीहून जास्त आहे, तिथे 2001च्या कायद्याने कंपनी आणि गार्ड दोघांनाही नोंदणी सक्तीची आहे. अमेरिकेत हा राज्यांचा विषय. काही राज्यं तपशीलवार नियम करतात, तर काही राज्यांत निःशस्त्र गार्डला राज्य पातळीवर परवानाच लागत नाही.

फक्त एजन्सीला परवाना दिला तर गार्ड अदृश्य राहतो. एका एजन्सीने मारहाणीबद्दल काढून टाकलेला माणूस दुसरीत सहज लागतो. फक्त व्यक्तीला परवाना दिला तर कंपनी मोकळी सुटते आणि काही बिघडलं की सगळ्यात खालच्या, सगळ्यात कमी पगाराच्या माणसाचा परवाना जातो. म्हणून दोघांनाही बांधून घेणं योग्य. पण एवढ्यावर थांबता येत नाही, कारण या व्यवहारात तिसरा पक्ष असतो: गार्ड मागवणारा ग्राहक.

सुरक्षेच्या कंत्राटात मोठा खर्च एकच, गार्डचा पगार. सगळ्यात कमी दराची निविदा निवडली की तो दर कुठून तरी कापून आणावा लागतो. मग पगार कापला जातो, प्रशिक्षणाच्या रजिस्टरवर नुसत्या सह्या होतात, रिलिव्हर ठेवला जात नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस आला नाही की बारा तास उभ्या असलेल्या गार्डला तसंच पुढे उभं करतात. चोविसाव्या तासाला त्याच्याकडून शांत डोक्याने निर्णयाची अपेक्षा करणं हा अन्याय आहे, त्याच्यावर आणि त्याच्यासमोर येणाऱ्या प्रत्येकावर. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्याने इथे ग्राहकाला हात घातलाय: नोंदणी नसलेल्याकडून सुरक्षासेवा जाणूनबुजून किंवा पुरेशी काळजी न घेता विकत घेणं हाही गुन्हा. महाराष्ट्राने 1981 मध्येच आणखी वेगळी वाट शोधली होती. त्या वर्षीच्या कायद्याखाली सुरक्षारक्षक मंडळं आली, आणि गार्डची नोंदणी, त्याचं वेतन, भविष्यनिर्वाह निधी हा व्यवहार मंडळामार्फत नेण्याची सोय झाली. हा कायदा मुळात कामगाराच्या बाजूने लिहिलेला आहे. मला ते नियमनाचंच अंग वाटतं. ज्याला स्वतःच्या हक्कांची खात्री आहे, तो मालकाच्या बेकायदा हुकमाला "नाही" म्हणू शकतो.

सभागृहातला अठरा वर्षांचा मुलगा

प्रशिक्षणाचे तास मोजणं सोपं आहे. भारताच्या 2006च्या केंद्रीय नमुना नियमांत 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष, तेही किमान 20 कामाच्या दिवसांत, असं होतं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी 40 आणि 16 तास. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात 40 तास. पण त्या तासांत काय शिकवतात?

ओंटारियोचा कायदा एका मृत्यूतून आला. 1999 मध्ये टोरांटोत एका दुकानाबाहेर, चोरीच्या संशयावरून, दुकानाच्या कर्मचाऱ्यांनी आणि गार्डने एका माणसाला जमिनीवर दाबून धरलं. तो मेला. पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीवर वजन आलं की छाती फुगत नाही. श्वासासाठी त्याची धडपड चालते आणि वरच्याला ती प्रतिकारासारखी वाटते, म्हणून तो आणखी जोराने दाबतो. हे ज्याला कोणी सांगितलेलं नाही, त्याला समोरचा माणूस मरतोय हे कळतच नाही. 2004 मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या ज्युरीने शिफारशी केल्या आणि 2005 मध्ये प्रांताने नवा कायदा केला. प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची झाली, मालकाचे थेट नोकरही कक्षेत आले, आणि कोणी विचारलं तर आपण गार्ड आहोत हे सांगून परवाना दाखवणं बंधनकारक झालं.

दुसरी घटना उलट दिशेची आहे. तिथे बळ जास्त झालं नव्हतं, आवाज कमी पडला होता. 22 मे 2017ला मँचेस्टरच्या सभागृहात संगीताचा कार्यक्रम संपताना आत्मघाती स्फोट झाला आणि 22 जणांचा जीव गेला. स्फोटाआधी, मुलांना न्यायला आलेल्या एका पालकाला मोठी पिशवी घेऊन बसलेल्या माणसाचा संशय आला होता. त्यांनी तो गार्डला बोलून दाखवला. त्याने अठरा वर्षांच्या सहकाऱ्याला सांगितलं. त्या मुलाने त्या माणसाकडे पाहिलं, त्याला अस्वस्थ वाटलं, पण आपण चुकलो तर वर्णद्वेषी ठरू अशी भीतीही वाटली. रेडिओवर नियंत्रण कक्ष गाठायचा प्रयत्न केला, संपर्क झाला नाही, आणि तो तिथून निघून गेला.

या मुलावर सगळं ढकलणं सोपं होतं. 2021 मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने गार्डच्या चुका नोंदवल्या, पण हुकलेल्या संधींची मुख्य जबाबदारी सभागृह चालवणाऱ्या कंपनीवर, सुरक्षा कंपनीवर आणि रेल्वेच्या पोलिसांवर (ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस) ठेवली. गार्ड पुरवणाऱ्या कंपन्यांनाही परवाना सक्तीचा करण्याचा विचार व्हावा, असंही सुचवलं. 2025 मध्ये ब्रिटनने गर्दीच्या जागांच्या चालकांवर दहशतवादविरोधी तयारीची जबाबदारी टाकणारा कायदा केला, आणि त्याची देखरेख त्याच सिक्युरिटी इंडस्ट्री ऑथॉरिटीकडे दिली. म्हणजे प्रश्न गार्डपासून जागेच्या मालकापर्यंत वर चढला. तो आधीच चढायला हवा होता.

नियामकावर नजर कोणाची?

परवाना देणारी संस्था ज्यांच्या फीवर चालते त्यांनाच शिस्त लावते, त्यामुळे ती त्यांच्याच कलाने वागण्याचा धोका कायम असतो. दक्षिण आफ्रिकेत नियामक परिषदेच्या सदस्यांचे या उद्योगात आर्थिक हितसंबंध असू नयेत अशी अट आहे, आणि सेवेत असलेल्या पोलिसाला गार्ड म्हणून नोंदणी करता येत नाही. दुसरी अट पहिलीइतकीच गरजेची. जो दिवसा कायदा राबवतो आणि रात्री एखाद्या मालकाच्या पगारावर असतो, त्याच्याकडे त्या मालकाविरुद्ध तक्रार घेऊन कोण जाणार?

गणवेशाबद्दलही थोडं. भारताच्या 2005च्या कायद्यात सैन्य, हवाई दल, नौदल किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा गणवेश गार्डने घातला तर त्याला आणि एजन्सीच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सुरुवातीला सांगितलेलं दिसणाऱ्या आणि खऱ्या अधिकारातलं अंतर कमी करण्याचा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

हत्यारबंद गार्ड आणि युद्धक्षेत्रातल्या कंपन्या हा वेगळ्या लेखाचा विषय. एवढं सांगतो की 2007 मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर या अमेरिकी खासगी सुरक्षा कंपनीच्या रक्षकांनी केलेल्या गोळीबारात 17 इराकी नागरिक मेले, तेव्हा अशा कंत्राटदारांना इराकी कायद्यापासून संरक्षण होतं. पुढच्या वर्षी 17 देशांनी स्वित्झर्लंडमधल्या माँत्र इथे मान्य केलेला दस्तऐवज अशा कंपन्यांबाबत राज्यांच्या जबाबदाऱ्या सांगतो, पण तो स्वतः बंधनकारक नाही.

सगळ्यात नवी अडचण गार्डच्या डोळ्यांऐवजी पाहणाऱ्या यंत्राची आहे. अमेरिकेतल्या राइट एड या औषध दुकानांच्या साखळीने काही दुकानांत चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवली होती. संशयितांच्या यादीतल्या चेहऱ्याशी जुळणी झाली की कर्मचाऱ्याला सूचना जायची, आणि तो त्या ग्राहकाच्या मागे लागायचा. जुळणी पुष्कळदा चुकीची असायची. अशाच एका चुकीवरून 11 वर्षांच्या मुलीला थांबवून तिची झडती घेतली गेली. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या केंद्रीय व्यापार आयोगाने त्या कंपनीला पाच वर्षं अशी यंत्रणा वापरायला बंदी केली. ही कारवाई झाली ग्राहक संरक्षणाच्या कायद्याखाली. त्या यादीत चेहरा कोणी घालायचा, तो चुकीचा असेल तर कोणी काढायचा, आणि सूचना आली तरी समोर लहान मूल आहे हे पाहून न थांबवण्याचा निर्णय कर्मचाऱ्याला घेता येईल का, हे परवान्याच्या कायद्यात लिहायला हवं.